उतारावर लावलेला ट्रॅक्टर

आमच्या वस्तीच्या मागून कालवा जातो. पिंपळीच्या रस्त्यापासून थोडं आत, कालव्याच्या भरावाला लागूनच आमचं घर. भरावावर चढायला एक कच्ची वाट आहे. त्या वाटेच्या मध्यावर, बाभळीखाली, आमचा ट्रॅक्टर तोंड खाली करून उभा असायचा. नवे पाहुणे आले की विचारायचे, एवढं सपाट अंगण असताना ट्रॅक्टर तिथं वर कशाला चढवून ठेवलाय? ज्यांच्या घरी जुना ट्रॅक्टर आहे ते विचारायचे नाहीत. सेल्फ, म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर, एकदा कुरकुरायला लागली की आमच्याकडचे लोक ती दुरुस्त करत बसत नाहीत, उतार शोधतात. संध्याकाळी ट्रॅक्टर चढावर नेऊन लावायचा, सकाळी खाली सोडायचा, थोडा वेग आला की गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. इंजिन धडधडायला लागतं. बॅटरी नको, मिस्त्री नको.

रात्रभर त्याला धरून ठेवायला दगड. आमचा दगड म्हणजे जुन्या जात्याचा वरचा भाग होता. सासूबाई होत्या तेव्हा त्यावर डाळ भरडायच्या. पुढं त्याची एक कड फुटली आणि तो घरातून बाहेर आला. मधल्या भोकातून सासऱ्यांनी नायलॉनची दोरी ओवली होती. सासऱ्यांना मी मामा म्हणते, बाकी सगळी वस्ती आबा म्हणते. मामा सीटवर बसून दोरीला हिसका द्यायचे, चाकाखालचा दगड सुटायचा आणि ट्रॅक्टर निघायचा. मी सून म्हणून आले त्याच्याही आधीपासून हे असंच चाललेलं. त्यात भिण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. चुलीतल्या जाळाला कोण भितं?

एका थंडीच्या सकाळी ते बदललं.

मी मोरीवर दुधाच्या किटल्या घासत होते. मोरीतून भराव सरळ समोर दिसतो. मामा रेडिएटरमध्ये पाणी ओतायला ट्रॅक्टरपुढं उभे होते. रेडिएटर गळका, त्यामुळं रोज सकाळी चरवीभर पाणी लागायचं. दव पडून माती ओली झालेली. मामा वाकलेले, झाकण काढलेलं, चरवी तिरकी. आणि ट्रॅक्टर हलला. आवाज नाही, काही नाही. वीतभर पुढं आला आणि दगडानं पुन्हा धरला. बॉनेट मामांच्या छातीला लागलं, चरवीतलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

मामा मागं सरकले आणि म्हणाले, "आरं, थांब की जरा."

बैलाला म्हणावं तसं. मग उरलेलं पाणी ओतलं, झाकण लावलं, सीटवर चढले, दोरी ओढली आणि वैरण आणायला निघून गेले. मी तशीच बसून राहिले. हातातली किटली कधी खाली पडली ते कळलं नाही. भरावावरून खाली यायची जी सरळ रेघ होती ती त्या सकाळी मी पहिल्यांदा नीट पाहिली. त्या रेघेत आधी मामा, मग पाण्याची टाकी आणि गोठ्याचा कोपरा, मग ही मोरी, आणि मोरीत मी.

मी याद्या करणारी बाई आहे. सकाळी उठले की दिवसाची यादी, बाजाराची वेगळी, गुरांच्या औषधांची वेगळी. भीती वाटली तरी मला पहिल्यांदा कागदच लागतो. त्या दिवशी दुपारी मी लिहिलं: मिस्त्री बोलावणे. ब्रेक बघणे. दगड दुसरा शोधणे. मामांशी बोलणे. शेवटचं काम सगळ्यात अवघड, म्हणून ते शेवटी.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. ते बारामतीला कंपनीत शिफ्टला जातात. "विकून टाकू," म्हणाले. मामा ओसरीवर बसले होते, त्यांनी ऐकलं.

"विका की," ते म्हणाले. "मग वैरणीला दुसऱ्याचा ट्रॅक्टर त्याच्या सवडीनं यील. जनावरं त्याच्या सवडीनं खात्यात व्हय?"

मी यादी काढली आणि मिस्त्रीला निरोप धाडला.

मिस्त्री दोन दिवसांनी आला. त्यानं ब्रेकचं पायडल हातानं दाबून बघितलं. ते तळाला जाऊन टेकलं. मग मागच्या चाकाच्या आतून बोट फिरवून काढलं, ते काळं आणि ओलं.

"वहिनी, सील गेलंय. एक्सलचं तेल ब्रेकवर उतरतंय. लायनर तेलात भिजल्यात, ड्रमला चरे पडल्यात. ह्याला ब्रेक हाय असं म्हणायचं कशाला?"

"म्या कुठं ब्रेक मारतुया," मामा म्हणाले. "गिअरवर थांबवतो."

"आन् गिअर निसटला तर?"

"देव हाय."

"देव सीटवर बसत न्हाय, आबा. सीटवर तुमी बसताय."

मामा हसले. मला हसू आलं नाही. मिस्त्रीनं सामान सांगितलं, मी लिहून घेतलं: दोन्ही बाजूंची सील, ब्रेक शू म्हणजे लायनर लावलेल्या अर्धगोल पट्ट्या, त्या आतून ज्यावर दाबतात तो ड्रम, स्प्रिंगा. जाता जाता तो म्हणाला, एवढं करताच आहात तर सेल्फही नवा टाका. मामा लगेच म्हणाले, "सेल्फ कशाला? उतार हाय की." मी सेल्फ यादीत तळाला लिहिला आणि पुढं 'नंतर' असं लिहिलं. एका वेळी एकाच भांडणाची माझी तयारी होती.

"सामान येईस्तोवर हलवू नका," मिस्त्रीनं बजावलं. मामांनी मान डोलावली. त्यांची मान सगळ्यांसाठीच डोलते.

तेव्हापासून मी पहाटे उठले की आधी खिडकीतून भरावाकडं बघायचे. ट्रॅक्टर आहे तिथंच आहे ना, एवढंच. दूध काढतानाही तोंड भरावाकडं करून बसायला लागले. गाईला ते चालेना. ती रोज डाव्या अंगाला बसणारी बाई उजव्या अंगाला का बसतेय म्हणून शेपटी मारत राहिली.

बारामतीत सील लगेच मिळाली. शू आणि ड्रम मिळेनात. एका दुकानात मुलानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि मॉडेल दिसतच नाही म्हणाला. दुसऱ्या दुकानात जाड चष्म्याचे म्हातारे शेठ होते. त्यांनी माझा मोबाईलमधला फोटो डोळ्याजवळ धरून पाहिला.

"हा अजून चालतोय?"

"चालतो. थांबत नाही, एवढंच."

"कंपनीनं कधीच बंद केलाय, ताई. आता ह्याचं सामान ह्याच्याच पोटातून काढावं लागतं. इंदापूरला जा. तिथं जुने ट्रॅक्टर फोडून सुटं सामान विकणारा एक जण आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंदापूरला निघाले. निघण्याआधी माझ्या पद्धतीनं सगळं लावून ठेवलं. मामांचा डबा, गोळ्या, जनावरांना दुपारपर्यंत पुरेल एवढी वैरण. ट्रॅक्टरच्या दुसऱ्या चाकालाही एक मोठा दगड लावला. आणि मामा आंघोळीला गेल्यावर ट्रॅक्टरची किल्ली खुंटीवरून काढून पर्समध्ये टाकली. ते मला फार शहाणपणाचं वाटलं. एसटीत बसल्यावर पर्सवरून हात फिरवून किल्ली बोटाला लागते का बघितलं आणि कितीतरी दिवसांनी डोळे मिटले.

इंदापूरचं ते दुकान म्हणजे पत्र्याचं कुंपण घातलेलं मोठं आवार. आत ओळीनं ट्रॅक्टर उभे; कुणाला चाकं नाहीत, कुणाला इंजिन नाही. मालक माझ्याच वयाचा, बनियनवर, कानावर पेन खोचलेला. बाई माणूस ब्रेक शू विचारतेय म्हटल्यावर त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घरात पुरुष माणूस न्हाय का?"

"दोन आहेत. एक शिफ्टला गेलाय, दुसऱ्यासाठीच हे सामान पाहिजे."

तो हसला आणि चला म्हणाला. आवाराच्या शेवटी, भिंतीजवळ, आमचा ट्रॅक्टर उभा होता.

मी थबकले. तोच फिका पडलेला रंग, तसंच मडगार्ड, सीटवर तशीच घरी शिवलेली गादी. बॉनेटच्या खाचेत दसऱ्याच्या पूजेतली झेंडूची माळ अडकलेली, वाळून काळी पडलेली. पुढचं एक चाक आत वळलेलं होतं.

"हा चालू होता की," मी म्हणाले.

"दसऱ्यापर्यंत चालू होता. बॉडी गेली, बाकी माल चांगला हाय. ब्रेक तर बघा तुमी."

त्यानं मागचं चाक आधीच उतरवलं होतं. ड्रम काढून दाखवला. आतून गुळगुळीत. शूचे लायनर जाड, कडासुद्धा झिजलेल्या नव्हत्या. मला आनंद झाला, आणि लगेच शंका आली. बाजारात गेले की माझं तसंच होतं.

"ट्रॅक्टर एवढा जुना आणि ब्रेक असे कसे राहिले?"

"वापरलं तर झिजणार ना. मालकानं कधीतरी नवे टाकले आन् मग लावलेच न्हाईत. सेल्फ बिघडला व्हता त्याचा. ओढ्याच्या उतारावर लावायचा, चाकाखाली धोंडा. सोताच गिअरवर चालवायचा, गिअरवर थांबवायचा."

मी ड्रमवरचा हात काढला.

"मग?"

त्यानं हात फडक्याला पुसले. "मग काय. सकाळी धोंडा जरा सरकलेला दिसला म्हणून तो नीट करायला पुढं वाकला. ट्रॅक्टर आला अंगावर." ड्रम पालथा घालत म्हणाला, "ताई, मी सांगूनच माल देतो. माणूस गेलेल्या गाडीचं सामान काही लोक घेत न्हाईत. नेल्यावर मला शिव्या नकोत."

मी त्या वळलेल्या चाकाकडं बघत राहिले. डोळ्यांपुढं तो माणूस नव्हताच. मामा होते, तिरकी चरवी हातात धरलेले.

"आमचाही उतारावरच लावतात," मी म्हणाले. "पण आज किल्ली मी घेऊन आलेय." आणि पर्समधून काढून त्याला दाखवलीसुद्धा.

त्यानं किल्लीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ताई, ही किल्ली सेल्फला लागते. उतारावरनं सोडला तर किल्ली कशाला पायजे? डिझेल हाय, उतार हाय, झालं."

मामा रोज किल्ली लावायचे, म्हणून ती लागतेच असं मी धरून चालले होते. ते सवयीनं लावत असणार. मी तिथंच, त्या फोडलेल्या ट्रॅक्टरला टेकून, घरी फोन लावला. मामांनी उचलला नाही. पुन्हा लावला. नुसती रिंग. नवऱ्याला लावायचा प्रश्न नव्हता, शिफ्टमध्ये मोबाईल लॉकरला असतात. शेजारच्या चुलत जावेला लावला.

"मामा कुठं आहेत बघ गं."

"आबा? मगाशी भरावाकडं चालल्यालं दिसलं."

"हातात काय होतं?"

"चरवी हुती वाटतं. का वो ताई?"

"पळत जा. त्यांना म्हण, ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. ट्रॅक्टरच्या पुढं थांबू नका म्हण. आणि मला फोन कर. आत्ता."

"बरं, बरं, जाते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मालक तोवर सामान पोत्यात भरायला लागला होता. मी म्हणाले, सेल्फही द्या. माझ्या यादीतलं 'नंतर' मी तिथंच मनातल्या मनात खोडलं.

"ह्याचाच देऊ का?" तो म्हणाला आणि स्वतःच मान हलवली. "न्हाय, ह्याचा चांगला असता तर उतारावर कशाला लावला असता. थांबा." आतून त्यानं तारा नव्यानं भरून घेतलेला एक दुसरा सेल्फ आणला, बॅटरीला जोडून फिरवून दाखवला. तो फिरला का नाही हे मी पाहिलंच नाही. माझं लक्ष फोनकडं होतं. फोन वाजत नव्हता.

बारामतीची एसटी लागलेलीच होती. मालकानं पोती चढवून दिली. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे लगेज हाय का आख्खं इंजिन? ट्रॅक्टरच घिऊन यायचा की." पुढच्या सीटवरच्या दोघी हसल्या. एरवी मी त्याला सोडला नसता.

जावेला पुन्हा फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद. मामांना लावला, तेच. निमगाव गेलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक, आणि प्रत्येक ट्रॉलीमागं एसटी सरपटायची. मी सीटच्या दांडीला धरून बसले होते आणि पाय असे दाबत होते, जणू ब्रेक माझ्या पायाखाली आहे. खरं तर मला एसटी पळायला हवी होती. जंक्शन गावाला एक बाई उतरताना पिशवी विसरली, ती परत चढली, मी तिच्यावर डाफरले. ती पिशवी घेऊन तशीच उतरली.

पायाशी पोतं होतं. त्यातल्या ड्रमचा गारवा साडीतून पोटरीला लागत होता. एका माणसाचे ब्रेक, ज्यानं ते वापरलेच नाहीत. मी तशी या गोष्टी मानत नाही. अमावस्येलाही बाजार करते. पण त्या वेळी मला वाटलं, आपण हे घेऊन यायला नको होतं. हे सामान आपल्या आधीच घरी पोचलंय. लासुर्ण्याच्या पुढं मी मनातल्या मनात कामं मोजायला घेतली. दवाखान्यात नेताना कोणती गाडी, कागदपत्रं कोणत्या ट्रंकेत, नणंदेला कुणी कळवायचं. यादी करत होते, आणि ही कसली यादी आपण करतोय हे लक्षात आल्यावर तोंडात पदर धरला.

पिंपळीच्या फाट्याला उतरले. पोती चहाच्या टपरीवर टाकली आणि चालायला लागले. चालता चालता पळायला लागले. या वयात, या रस्त्यावर मला पळताना कुणी पाहिलं नव्हतं. दोघा-तिघांनी विचारलं काय झालं, मी हात केला आणि पळत राहिले.

बाभळीखाली ट्रॅक्टर नव्हता.

जात्याचा दगड वाटेवर पडला होता. मी लावलेला दुसरा दगड उचलून नीट बाजूला ठेवलेला. दोरी उतारावर लांब पसरलेली. मी चाकांच्या खुणा बघत खाली आले. खुणा सरळ रेघेत नव्हत्या. टाकीपाशी त्या अचानक वळल्या होत्या. गोठ्याच्या कोपऱ्यावरच्या लोखंडी खांबाला ट्रॅक्टरचा रंग लागला होता. खांब वाकलेला. आत गाय उभी होती, कान ताठ. तिच्यापुढं रक्त नव्हतं, चरवी नव्हती. खुणा पुढं शेतात गेल्या होत्या.

बांधावर जाऊ उभी होती, तोंडाला पदर. मी तिला काही विचारायच्या आत ती बोलायला लागली.

"ताई, मी सांगायला आले वो, खरंच. तर आबा सीटवर बसल्यालं. म्हणलं ताईंनी न्हाय म्हणून सांगितलंय. तर म्हणले, आलीयस तर दोरी ओढ, माझं कंबार धरलंय."

"आणि तू ओढलीस."

"सासऱ्याला कसं न्हाय म्हणायचं, ताई? मी ओढली. तर गिअरच पडंना. आन् त्यो निघाला ना..."

तिच्या पलीकडं, नांगरटीच्या मध्यावर ट्रॅक्टर उभा होता. पुढची चाकं ढेकळांत रुतलेली, इंजिन बंद. मामांनी तो टाकी आणि गोठ्याच्या मधून काढून नांगरलेल्या रानात घातला होता. दुसऱ्या कशानं तो थांबलाच नसता. ते स्वतः थोड्या अंतरावर ढेकळावर बसले होते, तळहातावर तंबाखू. चुना लावायला बोट उचलायचे आणि बोट तळहातावर पडायचंच नाही, बाजूला जायचं. चुन्याचे पांढरे डाग मांडीवर पडले होते.

मी रागवायचं ठरवत आले होते. जवळ गेल्यावर ते राहिलं. मीही ढेकळावर बसले.

"लागलं का कुठं?"

"न्हाय."

"वैरण होती की दुपारपर्यंतची."

"व्हय. पर रानाची नांगरट अर्धीच राहिल्याली. म्हणलं तू येईस्तोवर उरकतंय." थोड्या वेळानं म्हणाले, "गिअर पडंना झाला. पायडल मारलं. कितीबी मारलं तरी..."

जाऊ बांधावरून बघत होती. मी त्यांना इंदापूरचं सांगितलं. तसाच ट्रॅक्टर, दसऱ्याची माळ, नवे असल्यासारखे ब्रेक. ओढ्याचा उतार. मी काही वगळलं नाही.

"वाकला हुता?" मामांनी विचारलं.

"हो. धोंडा नीट करायला."

मामांनी तळहातावरची तंबाखू तशीच मातीत झटकली.

जाऊ आता जवळ आली होती. "ताई, आन् तेच सामान आणलं व्हय तुमी? असलं घरात आणत नसत्यात वो. आमच्या माहेरी तर अपघाताची सायकलसुद्धा..."

"गप," मामा म्हणाले. जोरात नाही. "त्यो काय ब्रेकमुळं गेला व्हय?"

मग मला म्हणाले, "कुठं हाय सामान?"

"टपरीवर."

"आण. भायेर नको ठिवू."

पोती आणायला जावेनंच मदत केली. मामांनी घमेल्यात डिझेल ओतलं आणि ओसरीपुढं बसून ते ड्रम, ते शू, एकेक स्प्रिंग घासून घासून धुतली. मिस्त्री म्हणाला असता की लायनरला डिझेल लावू नका. ते त्यांनाही माहीत होतं, लायनर त्यांनी कोरड्या फडक्यानं पुसले. संध्याकाळ होईपर्यंत तेच चाललं होतं. शेवटी सगळं सामान गोणपाटावर ओळीनं मांडून त्यांनी हात धुतले, देवापुढची हळद-कुंकवाची वाटी आणली आणि ड्रमला एकेक बोट लावलं. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "त्याच्या घरी कोणकोण हाय इचारलं न्हाईस का तू?"

मी विचारलं नव्हतं. एवढी यादी करणारी मी, पण ते माझ्या यादीत नव्हतं.

मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी रानातच जॅकवर ट्रॅक्टर उचलून सील, शू, ड्रम बसवले, आणि सेल्फ. सेल्फबद्दल मामांनी एक शब्द काढला नाही. मिस्त्री मात्र म्हणाला, "आबा, आता उताराची सुट्टी." मामांनी मान डोलावली, आणि यावेळी मी त्या डोलावण्याकडं नीट बघितलं. ट्रॅक्टर चालू झाल्यावर त्यांनी तो बांधापर्यंत आणला, ब्रेक दाबला, थांबला. पुन्हा थोडा पुढं, पुन्हा ब्रेक. अंगणापर्यंत असंच करत आले. खाली उतरले तेव्हा घामानं सदरा ओला होता, आणि ऊन तर उतरलेलं.

तेव्हापासून ट्रॅक्टर अंगणात असतो, सपाटीवर, भिंतीकडं तोंड करून. भिंतीकडं तोंड करायचं नवऱ्यानं सुचवलं. जात्याचा दगड मामांनीच उचलून मोरीत आणून टाकला. मी आता त्यावर कपडे आपटते. दोरी गाईला बांधायला गेली. गोठ्याचा खांब अजून वाकडाच आहे, तो सरळ करायचं मी मुद्दाम कुठंच लिहिलेलं नाही.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. सकाळी मामा सीटवर चढले की माझ्या हातातलं काम थांबतं. सेल्फ घरघरतो, मग इंजिन धरतं, आणि मगच मी पुढची किटली उचलते. परवा थंडी जास्त होती. सेल्फ नुसता टकटक करत राहिला. मामा खाली उतरले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी मान वळवून भरावाकडं पाहिलं. बाभळीखाली जिथं ट्रॅक्टर असायचा तिथली जमीन अजून तेलानं काळी आहे. वस्तीतली आठ-दहा माणसं लावली की ट्रॅक्टर तिथवर ढकलता येतो. शेजारी दोघं तर अंगणाच्या कडेला उभेच होते. "आबा, ढकलू का वर?" त्यातला एक म्हणालाही.

मी मोरीत होते, दगडावर ओला सदरा, दोन्ही हात साबणानं भरलेले. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी चारचौघांत सुनेचं ऐकलं असं झालं असतं, आणि मग ऐकलं नसतं.

मामा बराच वेळ भरावाकडं बघत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अगं, मिस्त्रीला फोन लाव."

साबण पुसायलासुद्धा मी थांबले नाही.